वॉर्डात वाचनालय हवंय? घरपट्टीच्या पावतीपासून सभागृहातल्या ठरावापर्यंत

एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की पाच टक्के सूट मिळते, म्हणून बेळगावातली बरीच घरं एप्रिलमध्येच भरून मोकळी होतात. पावतीची घडी कपाटात जाते आणि वर्षभर कुणी ती उघडत नाही. यंदा घडी घालण्याआधी ती एकदा खालपर्यंत वाचा. मूळ कराखाली उपकर असतात. आरोग्याचा १५ टक्के, भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाचा ३ टक्के आणि ग्रंथालयाचा ६ टक्के. मूळ कर चार हजार असेल तर त्यावर ग्रंथालयासाठी दोनशे चाळीस रुपये तुम्ही भरलेले आहेत. मग तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं सार्वजनिक ग्रंथालय असो वा नसो.

आमच्या भागात ते नव्हतं. पोलीस भरती, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), केएएस (कर्नाटक प्रशासकीय सेवा) अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं मंदिराच्या सभामंडपात बसायची. घर दोन खोल्यांचं, एका खोलीत टीव्ही आणि दुसरीत स्वयंपाक, तर बसणार कुठे? संध्याकाळी भजन सुरू झालं की वह्या गोळा करून उठायची. मुली तर तिथेही येत नसत. हे बघून आम्ही चार-पाच जण वाचनालयाच्या मागे लागलो. त्यात खूप चकरा झाल्या, काही चुकाही झाल्या. तुमच्या चकरा कमी व्हाव्यात म्हणून सगळं क्रमानं लिहितो आहे.

आधी कायदा कुठला, ते डोक्यात पक्कं करा

सीमाभागातल्या आपल्या माणसांची पहिली गल्लत इथेच होते. कोल्हापूरला, चंदगडला, गडहिंग्लजला आपले पाहुणे असतात. त्यांच्या गावात 'ब वर्ग वाचनालय' असतं, त्याला शासनाचं अनुदान येतं. मग आपणही एखादी संस्था नोंदवू, चार कपाटं घेऊ आणि अनुदान मागू असं वाटतं. पण तो महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा. तिथे लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन सरकार अनुदान देतं. ग्रंथालयासाठी वेगळा उपकर तिथे नाही.

कर्नाटकाची घडी निराळी आहे. इथे १९६५ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा लागू आहे, राज्याचं नाव म्हैसूर होतं तेव्हाचा. या कायद्यानं लोकांकडून उपकर घ्यायचा आणि ग्रंथालयं सरकारी यंत्रणेनं चालवायची. शहरासाठी शहर ग्रंथालय प्राधिकरण, जिल्ह्यासाठी जिल्हा प्राधिकरण. खासगी संस्थेला अनुदान मिळवणं हा इथला मुख्य रस्ता नाही. आपला हक्क आहे तो शाखा ग्रंथालय मागण्याचा. (ग्रंथालयाचा कायदा असावा ही कल्पना आपल्या परिसराला नवी नाही. देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली केला होता.)

याचा अर्थ संस्थांची वाचनालयं कमी महत्त्वाची आहेत असा मुळीच नाही. गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. शहापूरच्या सरस्वती वाचनालयानं कितीतरी पिढ्यांना वाचायला लावलं. ती लोकांनी वर्गणीतून, देणगीतून उभी केली आणि आजही तशीच पेलली आहेत. पण २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या चार लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर होती. अनगोळ, वडगाव, कणबर्गी, महांतेशनगर इथल्या मुलानं रोज गणपत गल्ली गाठावी अशी अपेक्षा धरता येत नाही.

दोन कार्यालयं, दोन थैल्या

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच बहुतेक प्रयत्न अडकतात.

उपकर गोळा करते महापालिका, कारण घरपट्टी तिच्याकडे भरली जाते. तो पैसा तिनं ग्रंथालय प्राधिकरणाकडे वर्ग करायचा असतो. पुस्तकं, वृत्तपत्रं आणि ग्रंथपाल ग्रंथालय खात्याकडून येतात, म्हणजे शहर केंद्र ग्रंथालयाच्या कार्यालयातून. जागा आणि इमारत मात्र बहुतेक वेळा महापालिकेकडे मागावी लागते. महापालिकेत गेलात तर 'ग्रंथालय हा खात्याचा विषय' असं सांगतात. खात्यात गेलात तर 'आम्हाला जागा द्या, उद्या सुरू करतो' म्हणतात. आपापल्या परीनं दोघंही खरंच बोलत असतात. तुमचं काम या दोघांना एका कागदावर आणण्याचं आहे. शहर ग्रंथालय प्राधिकरणाचं अध्यक्षपद महापौरांकडे असतं. त्यामुळे दोन्ही बाजूंचा दुवा एकाच माणसाच्या हातात असतो, हे निवेदन लिहिताना विसरू नका.

कॅम्पात राहत असाल तर हा लेख तुम्हाला अर्धाच उपयोगी. तिथे महापालिका नाही, कँटोन्मेंट बोर्ड आहे आणि त्याचा कायदा केंद्राचा.

पहिली पायरी : पैशाचा हिशेब मागा

निवेदन देण्याआधी माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून साधा अर्ज करायचा, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. आम्ही पहिला अर्ज दोन पानी लिहिला होता, त्यात घरपट्टी, रस्ते, पथदिवे सगळंच विचारलं होतं. तो परत आला. म्हणून दोन वेगळे अर्ज करा.

महापालिकेला विचारा : गेल्या तीन आर्थिक वर्षांत ग्रंथालय उपकर म्हणून किती रक्कम जमा झाली, त्यातली किती आणि कोणत्या तारखेला ग्रंथालय प्राधिकरणाकडे वर्ग केली, आणि किती बाकी आहे.

शहर केंद्र ग्रंथालयाला विचारा : त्याच तीन वर्षांत महापालिकेकडून किती रक्कम मिळाली, शहरात शाखा किती आणि कुठे, मंजूर पदं किती आणि रिकामी किती, पुस्तकं आणि वृत्तपत्रं कोणत्या भाषेतली किती घेतली.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. एकाकडची 'वर्ग केली' आणि दुसऱ्याकडची 'मिळाली' ही रक्कम जुळते का बघा. जुळत नसेल तर तुमच्या निवेदनाचा पहिला मुद्दा आपोआप तयार झाला. जुळली तरी हरकत नाही, निदान किती पैशाची गोष्ट चालली आहे ते कळतं. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा.

आपल्या वॉर्डाचा ढोबळ आकडा स्वतःही काढता येतो. समजा वॉर्डात दीड हजार मिळकती आहेत आणि सरासरी मूळ कर तीन हजार धरला, तर वर्षाला पंचेचाळीस लाख कर होतो आणि त्याचे सहा टक्के म्हणजे दोन लाख सत्तर हजार. आकडा तुमच्या वॉर्डाप्रमाणे बदलेल. पण नगरसेवकाच्या घरी बसून 'आपला वॉर्ड वर्षाला साधारण एवढे पैसे ग्रंथालयासाठी देतो' असं म्हटलं की बोलण्याचा सूर बदलतो. आपण दान मागायला आलेलो नाही, हे समोरच्यालाही कळतं आणि आपल्यालाही.

दुसरी पायरी : गरज मोजा, सह्या नंतर

सह्यांची मोहीम सगळेच काढतात. पाचशे सह्यांचा गठ्ठा वजनदार दिसतो, पण तो वाचतं कोण? त्याआधी दोन रविवार घालवून एक तक्ता करा. गल्लीगल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली किती, आठवी ते बारावीची किती, रोज वर्तमानपत्र वाचायला बाहेर जाणारे ज्येष्ठ किती, सगळ्यात जवळचं वाचनालय किती अंतरावर आणि तिथे बसायच्या जागा किती. महिला मंडळाला यात सुरुवातीपासून घ्या. मुलींना काय अडचण आहे ते त्यांनाच नीट कळतं. आमच्याकडे मुलींनी पुस्तकांच्या आधी दोन गोष्टी सांगितल्या, स्वच्छतागृह आणि परतीच्या रस्त्यावर दिवा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. हा तक्ता फक्त मराठी घरांचा करू नका. शेजारची कन्नड घरं, उर्दू बोलणारी घरं, सगळी त्यात हवीत. आपल्या सभागृहात भाषेवरून काय काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. वाचनालयाची मागणी एका भाषेची आहे असा वास आला की विषय भरकटतो, दोन्हीकडून भाषणं होतात आणि मुलं सभामंडपातच राहतात. निवेदनाखाली तिन्ही भाषांतल्या सह्या असतील तर विरोध करायला जागाच उरत नाही. शिवाय ते योग्यही आहे. उपकर सगळ्यांनी भरलाय.

तिसरी पायरी : जागा तुम्ही शोधा

'जागा नाही' हे उत्तर हमखास मिळतं. म्हणून अर्जासोबत जागाच दाखवा, एक नको, तीन.

महापालिकेच्या मालकीचं रिकामं किंवा अर्धवट वापरातलं बांधकाम सगळ्यात सोपं. जुनं वॉर्ड कार्यालय, बंद पडलेलं समाजभवन, व्यापारी संकुलाचा वरचा रिकामा मजला. सीटीएस क्रमांक, म्हणजे नगर भूमापनातला मिळकतीचा क्रमांक, काढा आणि नगर भूमापनाचा उतारा जोडा. उताऱ्यावर मालक म्हणून महापालिकाच आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, 'सगळ्यांना माहीत आहे' यावर जाऊ नका.

बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, लेआउटमध्ये राहत असाल तर नागरी सुविधांसाठी राखून ठेवलेली सीए साइट शोधा. ती भाडेपट्ट्यानं दिली जाते आणि त्यासाठी बुडाकडे वेगळा प्रस्ताव लागतो, म्हणून वेळ जास्त धरा.

उद्यान किंवा खेळाचं मैदान मात्र सुचवू नका. कर्नाटकात उद्यानं आणि मोकळ्या जागा राखण्यासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे. कुणी न्यायालयात गेलं की काम थांबतं. आणि मैदान जायला नकोच, वाचणाऱ्या मुलांना खेळायलाही लागतं.

चौथी पायरी : खर्च दोन रकान्यांत मांडा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. इमारतीला पैसा मिळतो. चालवायला मिळत नाही.

इमारतीसाठी वाटा बऱ्याच आहेत. महापालिकेचा स्वतःचा निधी आहे, राज्य वित्त आयोगाचं अनुदान आहे. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला दोन कोटी असतात, खासदारांना पाच कोटी, आणि त्यातून ग्रंथालयाची इमारत बांधता येते. अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असेल तर महापालिकेनं त्यांच्यासाठी राखून ठेवायच्या २४.१० टक्के निधीतून त्या वस्तीत अभ्यासिका मागता येते. पुस्तकं आणि फर्निचरसाठी कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, त्याच्या योजना राज्याच्या ग्रंथालय खात्यामार्फत येतात. स्मार्ट सिटीच्या पैशातून शहरात ई-लायब्ररी झालेली आपण पाहिलीच आहे.

यातला कुठलाही निधी पुढच्या पाच वर्षांचं वीजबिल भरत नाही. शहराच्या एका भागात मी अशी खोली पाहिली आहे. बाहेर 'वाचनालय' अशी सुंदर पाटी, उद्घाटनाची कोनशिला, आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड आणि गणेशोत्सवाच्या मांडवाचे बांबू. ग्रंथपाल कधी आलाच नाही, कारण पदच मंजूर नव्हतं. कुंडी मोडलेल्या खिडकीतून पाऊस आत येऊन कपाटाची खालची फळी फुगली होती आणि तिच्यावरची पुस्तकं एकमेकांना चिकटून एकच ठोकळा झाला होता. तो ठोकळा हातात घेतला तेव्हाच ठरवलं की चालवण्याच्या खर्चाशिवाय ठराव मागायचा नाही.

म्हणून कागदावर दोन रकाने करा.

एकरकमी खर्चात बांधकाम किंवा दुरुस्ती, टेबल-खुर्च्या, कपाटं, वायरिंग, इन्व्हर्टर, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी. नवी हजार चौरस फुटांची इमारत आणि चौरस फुटाला दोन ते अडीच हजार धरले तर वीस-पंचवीस लाख होतात. असलेली खोली दुरुस्त करायची असेल तर त्याच्या कितीतरी कमीत भागतं. माझं मत विचाराल तर दुरुस्तीच मागा. लवकर होते आणि लहान रकमेला मंजुरीच्या पायऱ्याही कमी लागतात.

दर महिन्याच्या खर्चात ग्रंथपालाचा किंवा सहायकाचा पगार, झाडलोट, वीज, पाणी, इंटरनेट, वृत्तपत्रं, मासिकं, पुस्तक बांधणी. आठ वर्तमानपत्रं सरासरी सहा रुपयांची धरली तर तीस दिवसांचे चौदाशे चाळीस रुपये होतात. असे बारीक आकडेच अधिकाऱ्याला पटतात, कारण ते तो स्वतः तपासू शकतो. आणि प्रत्येक ओळीपुढे 'कोण देणार' तेही लिहा, महापालिका की ग्रंथालय खातं. रिकामी ओळ राहिली की तिथेच पुढे कुलूप लागतं.

बेळगावच्या पावसाचाही विचार करा. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर हवीत, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा हवा. अंदाजपत्रक करतानाच हे कनिष्ठ अभियंत्याला सांगितलं तर होतं, नंतर होत नाही.

पाचवी पायरी : निवेदन, आणि ते कसं द्यायचं

आमचं पहिलं निवेदन एका कार्यक्रमाच्या मंचावर दिलं. हार, फोटो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. सहा महिन्यांनी चौकशी केली तर त्या कागदाचा कुठेच पत्ता नाही, कारण आवक क्रमांकच नव्हता. तेव्हा फोटो हवा तर काढा, पण मूळ प्रत आवक विभागात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

भाषेबद्दल. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की तक्रार दूर करण्यासाठीचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठीत दिलेलं निवेदन नाकारता येत नाही. तो हक्क वापरा. पण सोबत कन्नड अनुवाद जोडाच, आणि याचं कारण अगदी व्यवहारी आहे. कार्यालयातली टिप्पणी कन्नडमध्ये लिहिली जाते. अनुवाद नसला तर टेबलावरचा कर्मचारी तुमच्या दोन पानांचं दोन ओळींत सार लिहितो, 'वाचनालयाची मागणी केली आहे', आणि तेवढंच वरपर्यंत जातं. जागा, आकडे, देखभाल सगळं गळतं. अनुवाद चांगल्या कन्नड शिक्षकाकडून करून घ्या.

निवेदन एक पानाचं ठेवा, बाकी सगळं जोडपत्रात. मजकूर साधारण असा :

'मा. महापौर तथा अध्यक्ष, शहर ग्रंथालय प्राधिकरण, आणि मा. आयुक्त, महानगरपालिका, बेळगाव यांस. विषय : वॉर्ड क्रमांक … मध्ये शाखा ग्रंथालय सुरू करण्याबाबत. महोदय, आमच्या वॉर्डातील नागरिक घरपट्टीसोबत ग्रंथालय उपकर नियमित भरतात. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार गेल्या तीन वर्षांत शहरात रु. … उपकर जमा झाला आहे. वॉर्डात अभ्यास करणारे … विद्यार्थी असून सर्वांत जवळचे ग्रंथालय … किलोमीटरवर आहे. सीटीएस क्र. … ही महापालिकेची इमारत सध्या वापरात नाही. तिची दुरुस्ती करून तेथे शाखा ग्रंथालय सुरू करावे, दुरुस्तीसाठी व वार्षिक देखभालीसाठी येत्या अंदाजपत्रकात तरतूद करावी, आणि कर्मचारी व पुस्तकांसाठी ग्रंथालय खात्याकडे प्रस्ताव पाठवावा, ही विनंती. गरजेचा तक्ता, जागेचा उतारा व खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे.'

प्रती द्यायच्या त्या नगरसेवक, शहर केंद्र ग्रंथालयाचे उपसंचालक आणि आमदार यांना. प्रत्येकाकडून पोच घ्या.

सहावी पायरी : सभागृहाच्या आत काय होतं

बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत. तुमचा नगरसेवक त्यातला एक. त्याला बाकीच्यांची साथ लागते, आणि दुसऱ्या वॉर्डातले 'मग आमच्याकडे का नाही' असं विचारणारच. हा प्रश्न आडवा येण्याआधी आपण उचलावा. शेजारच्या दोन-तीन वॉर्डांची मिळून मागणी करा, म्हणजे तेवढे नगरसेवक आधीच तुमच्या बाजूनं असतात.

महापालिका कायदा १९७६ चा आहे आणि त्यानुसार चार स्थायी समित्या असतात. पहिली कर, अर्थ आणि अपील यांची; दुसरी सार्वजनिक आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्याय यांची; तिसरी नगररचना आणि सुधारणा यांची; चौथी लेखा समिती. वाचनालयाच्या पैशाचा विषय अर्थ समितीत जातो, जागेचा नगररचनेत, आणि शिक्षण म्हणून सामाजिक न्यायाच्या समितीतही त्याला पाठिंबा मिळू शकतो. सर्वसाधारण सभेत तासाभरात पंचवीस विषय उरकतात. खरी चर्चा समितीत होते. म्हणून समितीच्या अध्यक्षांना आणि दोन सदस्यांना आधी भेटा, कागद हातात द्या, दहा मिनिटांत बोलून निघा.

वॉर्ड समिती अस्तित्वात असेल तर तिच्याकडूनही शिफारस घ्या. कायद्यात नगरसेवकांच्या अध्यक्षतेखाली दहा सदस्यांची तरतूद आहे आणि त्यात किमान तीन महिला असायला हव्यात. समिती नसेल तर ती स्थापन करण्याची मागणी वेगळी करा, वाचनालयाची तिच्यावर अडवू नका.

सभागृहच नसेल तर? बेळगावला हा अनुभव नवा नाही. २०२१ च्या सप्टेंबरात निवडणूक झाली, पण महापौर निवडायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. अशा काळात सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे असतात, निवेदन त्यांच्या नावानं द्यायचं. आचारसंहिता लागण्याआधी मात्र सगळं आटोपा.

सातवी पायरी : अंदाजपत्रकाची वेळ गाठा

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून अंदाजपत्रकाची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीत चालते. त्याआधी नागरिकांच्या सूचनांसाठी बैठक होते, तिची सूचना वर्तमानपत्रात छोट्या चौकटीत येते. त्या बैठकीला बहुधा फार माणसं नसतात. पाच जण जा, एकानंच बोला, आणि सूचना लेखी देऊन तिथेही पोच घ्या. मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडल्यावर वाचनालय आठवलं तर एक वर्ष गेलं.

पुस्तिका छापून आली की तुमचा विषय कोणत्या शीर्षाखाली आहे आणि त्यापुढे आकडा आहे का ते बघा. भाषणात उल्लेख असणं आणि तक्त्यात रक्कम असणं यात फार अंतर आहे.

आठवी पायरी : ठरावाचे शब्द

ठराव झाला म्हणून पेढे वाटण्याआधी त्याचे शब्द वाचा. तीन शब्दप्रयोगांपासून सावध राहा. 'तत्त्वतः मंजुरी', 'पाहणी करून निर्णय घ्यावा' आणि 'आयुक्तांनी योग्य ती कार्यवाही करावी'. तिन्ही ऐकायला होकारासारखे आहेत, पण कुणावरही ठरावीक काम आणि रक्कम टाकत नाहीत.

नगरसेवकाला ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. असा :

'वॉर्ड क्र. … मधील सीटीएस क्र. … या महापालिकेच्या मालकीच्या इमारतीत शाखा ग्रंथालय सुरू करण्यास मंजुरी देणे. दुरुस्ती व साहित्यासाठी चालू अंदाजपत्रकातील … या शीर्षाखालून रु. … खर्चास प्रशासकीय मंजुरी देणे. वीज, पाणी, स्वच्छता व देखभालीसाठी दरवर्षी रु. … ची तरतूद ठेवणे. कर्मचारी, पुस्तके व वृत्तपत्रांसाठी ग्रंथालय खात्याशी करार करण्याचे अधिकार आयुक्तांना देणे.'

जागा, बांधकाम, चालवणं आणि करार, चारही गोष्टी एकाच ठरावात. वेगवेगळे झाले तर एक पुढे जातो आणि तीन मागे राहतात. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं की ठरावाची प्रमाणित प्रत मागा आणि तिच्या चार झेरॉक्स चार वेगवेगळ्या घरांत ठेवा. आतापर्यंत महापौर दरवर्षी बदलत आले, अधिकाऱ्यांच्याही बदल्या होतात. नव्या माणसासमोर बोलायला तो कागदच लागतो.

ठरावानंतर

इथून काम अभियंत्यांकडे जातं. कनिष्ठ अभियंता दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मंजुरी होते, मग कर्नाटकाच्या १९९९ च्या पारदर्शक खरेदी कायद्याप्रमाणे ऑनलाइन निविदा, आणि शेवटी कार्यादेश. रक्कम महापालिकेच्या मर्यादेपलीकडे असेल तर मंजुरीसाठी फाइल वर जाते. दर पंधरा दिवसांनी जाऊन एकच प्रश्न विचारा, 'फाइल आता कोणत्या टेबलावर आहे?' आणि उत्तर वहीत तारखेसह लिहा. भांडून काही मिळत नाही, वहीनं मिळतं. काम चालू असताना कार्यादेशाची प्रत घेऊन निवृत्त बांधकामवाल्या एखाद्या शेजाऱ्याला बरोबर न्या. सिमेंट, वायरिंग, गळती त्याला बघताक्षणी कळते.

खेड्यात आणि छोट्या गावांत

येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी इथल्या लोकांसाठी रस्ता जवळचा आहे. या गावांना मराठी साहित्य संमेलनांची परंपरा आहे, वाचणारा माणूस आहेच. ग्रामपंचायतींची ग्रंथालयं २०१९ पासून ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे आली आणि आता त्यांना 'अरिवु केंद्र' म्हणतात. ग्रामपंचायतही कराबरोबर ग्रंथालय उपकर घेते. तेव्हा वॉर्ड सभेत आणि ग्रामसभेत विषय मांडा, पीडीओकडून उपकराचा हिशेब घ्या, आणि मराठी पुस्तकं आणि वर्तमानपत्रांची मागणी ग्रामसभेच्या ठरावात शब्दशः लिहून घ्या. निपाणी नगरपालिकेत आणि खानापूर पट्टण पंचायतीत पायऱ्या वरच्यासारख्याच, फक्त कायदा १९६४ चा आणि ग्रंथालयाचा विषय जिल्हा प्राधिकरणाकडे.

दार उघडल्यावर

वेळ सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ मागा. कार्यालयीन वेळेत उघडं असलेलं वाचनालय नोकरी करणाऱ्याच्या आणि शाळकरी मुलाच्या उपयोगाचं नसतं.

मराठी पुस्तकं आपोआप येतील असं धरून चालू नका. सूचना वही पहिल्या दिवसापासून ठेवायला लावा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि मागणाऱ्याची सही. 'मराठी पुस्तकं हवीत' या एका वाक्यापेक्षा साठ नावांची यादी खरेदीच्या वेळी जास्त उपयोगी पडते. शहरातल्या जुन्या वाचनालयांशी बोला, त्यांच्याकडे दुबार प्रती असतात. देणगीची पुस्तकं घेताना मात्र निवड करा, जुनी गाईडं आणि वाळवी लागलेले गठ्ठे नम्रपणे परत पाठवा.

आणि दारात एक नोंदवही. आलेल्याचं नाव, वेळ, काय वाचलं. आमच्याकडे पहिल्या महिन्यात त्या वहीची अठरा पानं भरली, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक सह्या मुलींच्या होत्या. येत्या डिसेंबरात अंदाजपत्रकाच्या बैठकीला जाताना पिशवीत ठरावाच्या प्रतीशेजारी तीच वही असणार आहे. शेजारच्या वॉर्डातली माणसं मागच्या आठवड्यात तिची पानं झेरॉक्स करून घेऊन गेली.